पट्टीचा बाक आणि बसावयाचा बाक

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान. फळ्यावर काढलेल्या आकृत्या येथे देता न आल्यामुळे त्या ठिकाणी थोडा मजकूर वाढविला आहे.)



या व्यासपीठावर आजवर संतवाङ्मयावर, आरोग्यावर आणि कायद्यावर वजनदार व्याख्याने झाली. त्यांच्या मागून गणिताच्या एका मास्तराने उठून स्टुलावर बोलावे हे आपणांस जरा चमत्कारिक वाटेल. चिटणीसांनी मला विषय विचारला तेव्हा मी म्हटले, "बाक." त्यांनी विचारले, "बसायचा, की वळणाचा?" मी म्हटले, "दोन्ही." आपल्या भाषेत या दोन्ही गोष्टींना एकच शब्द आहे आणि आज मला ते फार सोयीचे झाले आहे.

आपल्या वाचनालयाच्या माळ्यावर मोडक्या खुर्च्यांचा ढीग होता हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आणि शाळेची चार मुले वर चढलो आणि त्या मोजल्या. एकतीस भरल्या. पण सबंध मोडलेली अशी त्यांत एकही नव्हती. कोणाचा एक पाय गेलेला, कोणाची पाठ सुटलेली, कोणाच्या बैठकीचा प्लायवुड फुगून उललेला. एका खुर्चीचा पाय काढून दुसरीला लावावा म्हटले, तर तो बसेना. कारण त्या निरनिराळ्या वर्षी, निरनिराळ्या ठिकाणांहून आणलेल्या, आणि एका जातीच्या खुर्चीतसुद्धा पुढचा पाय मागे चालत नाही, डावा उजवीकडे चालत नाही. एक तुकडा मोडला की अख्खी खुर्ची माळ्यावर. विश्वस्तांपुढे तेव्हा नव्या प्लास्टिकच्या खुर्च्या घेण्याचा विचार चालू होता. मी त्यांच्याकडे एक वर्ष मागून घेतले. ते त्यांनी दिले, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. आणि त्या वर्षात माझ्या हातून काय चुकले हेही आज सांगणार आहे.

माझा प्रश्न साधा होता. ज्यातला कोणताही तुकडा मोडला तर तोच तुकडा आठवीतल्या मुलाला बदलता येईल, असे आसन करता येईल काय? शहरात हल्ली ज्याला मॉड्यूलर फर्निचर म्हणतात ते पुष्कळदा चौकोनी खोक्यांचे असते. त्यात भाग सुटे असतात हे खरे, पण एकदा स्क्रू उपटला की भुशाच्या फळीत तो पुन्हा धरत नाही. मला हवे होते ते एकाच घाटाच्या, एकमेकींत अडकणाऱ्या पट्ट्यांचे आसन.

ही कल्पना माझ्या डोक्यात आकाशातून पडली नाही. माझे वडील लाकडाच्या वखारीत मापारी होते. खानापूरकडचा माल तेव्हा आमच्याकडे पुष्कळ येई. वखारीला लागूनच बैलगाडीची चाके करणाऱ्या एका मेस्त्रींचे छप्पर होते आणि माझी शाळा सुटल्यावरची शाळा तिथे भरे. आपण चाक पाहिले असेल. पण चाकाचा घेर हे एकच लाकूड नसते, हे लक्षात घेतले असेलच असे नाही. मध्ये तुंबा, त्यात बसविलेले बारा आरे, आणि बाहेर सहा वाकडे तुकडे एकमेकांना टेकून घेर पुरा करतात. त्यांना पाटे म्हणतात. एका पाट्यात दोन आरे. वरून लोखंडाची धाव आगीत तांबडी करून चढवीत आणि पाणी ओतीत. ती आक्रसली की सारे तुकडे एकमेकांत गच्च बसत. एक पाटा कुजला तर धाव उतरवून तेवढाच बदलीत. साऱ्या चाकात सरस म्हणून नसे.

मेस्त्री पाट्यासाठी बाभळीचे लाकूड निवडीत तेव्हा सरळ ओंडक्याकडे ते बघतही नसत. झाडावर असतानाच वाकलेली फांदी त्यांना हवी असे. मी एकदा विचारले, सरळ फळीतून वाकडा तुकडा कापला तर काय बिघडते? त्यांनी भुईवरची एक ढलपी उचलून रेषांच्या उभ्या दिशेने मोडायला दिली, ती मोडेना. मग दुसरी आडवी दिली. ती चिमटीत तुटली. ते काही बोलले नाहीत. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो आणि ती गोष्ट मला समजली असे मला वाटले. ती समजली नव्हती, हे पुढे कळेल.

दुसरी वस्तू आमच्या घरातली. कुराणशरीफ ठेवण्याचे रेहल. शेजारच्या घरी पोथी ठेवण्यासाठी अगदी तशीच घडीची फुली होती. उघडली की इंग्रजी एक्स, मिटली की एक फळी. दोन फळ्यांचे दात एकमेकांत गुंतलेले, पण खिळा नाही, बिजागरी नाही, सांधा उकललेला कोठे दिसत नाही. या दोन फळ्या एकमेकींत अडकविल्या कशा, हे कोडे मला पुष्कळ दिवस पडले होते. अब्बांनी ते सोडविले. ते म्हणाले, "अडकविल्याच नाहीत. त्या कधी सुट्या झाल्याच नाहीत." एकच जाड फळी घेऊन, मधल्या भागात दातांचा जोड कोरून मोकळा करतात आणि दोन्ही टोकांकडून जाडीत करवत चालवून ती चिरतात. ज्याने प्रथम ही युक्ती काढली त्याच्या पायावर डोके ठेवावे.

आता रेहलाच्या दोन फळ्यांऐवजी अनेक अरुंद पट्ट्या एका दांडीवर ओवल्या आणि त्या सरळ न ठेवता वाकविल्या, तर काय होईल? तर ती खुर्ची होईल. आणि ती पाचशे वर्षांपूर्वी झालेलीही आहे. इटलीत पंधराव्या शतकाच्या अखेरीस अशा घडीच्या खुर्च्या करीत. वाकड्या पट्ट्यांच्या जोड्या, एक या बाजूची, एक त्या बाजूची, अशा आलटून पालटून मधोमध ओवलेल्या. खाली कमान, वर कमानीची उलटी वाटी. फ्लॉरेन्सचा धर्मोपदेशक साव्होनारोला, ज्याला 1498 साली देहान्त शिक्षा झाली, त्याचे नाव या खुर्चीला पुष्कळ पुढे चिकटले. तिकडे स्पेनमध्ये ग्रॅनाडाच्या कारागिरांनीही फुलीच्या वाकड्या पायांच्या खुर्च्या अस्थी व हस्तिदंताच्या जडावाने मढविल्या. त्यांपैकी काही संग्रहालयांतून आजही आहेत.

या खुर्चीचे चित्र मी प्रथम पाहिले तेव्हा तिचे सौंदर्य मला नंतर दिसले, आधी दिसली तिची भूमिती. तिची एक पट्टी म्हणजे सारख्याच त्रिज्येचे दोन पाव-वर्तुळाचे तुकडे, एक उजवीकडे वळलेला, एक डावीकडे. मिळून इंग्रजी एस अक्षर. अशी पट्टी अर्धा फेरा फिरविली, म्हणजे वरचे टोक खाली केले, तरी ती तीच दिसते. आणि पालथी घातली की ती समोरच्या बाजूची पट्टी होते. म्हणजे वर-खाली, डावे-उजवे हा भेदच उरला नाही! माळ्यावरच्या एकतीस खुर्च्यांचे दुखणे जे होते त्याचे औषध हेच. एकच फर्मा, एकच पट्टी, आणि हव्या तितक्या जोड्या.

मी माप ठरविले. त्रिज्या साडेबावीस सेंटिमीटर. म्हणजे आसनाची उंची आणि रुंदी प्रत्येकी पंचेचाळीस, आणि पट्टीची लांबी सुमारे एकाहत्तर. पट्टी वीस मिलिमीटर रुंद. दोन पट्ट्यांत चकतीचे थोडे अंतर. एक जोडी अठ्ठेचाळीस मिलिमीटर जागा घेते. आठ जोड्यांचे स्टूल अडतीस सेंटिमीटर लांब होते. पंचवीस जोड्या एका लांब दांडीवर ओवल्या की एकशेवीस सेंटिमीटरचा, तिघांचा बाक. दांडी तेवढी बदलायची, पट्टी तीच.

कागदावर हे इतके नामी जमले की माझा धीर सुटला. सरळ रेषांची सागाची अठरा मिलिमीटरची फळी आणली, तीवर खडूने एस काढले, आणि यांत्रिक करवतीने मुलांकडून पट्ट्या कापून घेतल्या. पंधरा दिवसांत दोन स्टुले वाचनालयात ठेवली. लोकांनी कौतुक केले. मीही ते घेतले.

आपले एक वयोवृद्ध सभासद, ज्यांना आपण सगळे अण्णा म्हणतो, ते रोज सकाळी वर्तमानपत्र वाचावयास येतात. आठव्या की नवव्या दिवशी ते स्टुलाच्या एका कडेला टेकले. काडकन आवाज झाला. ते खाली आले आणि त्यांचे उजवे मनगट मुरगळले. तीन आठवडे त्यांचा हात गळ्यात होता. मी भेटावयास गेलो तर त्यांनीच मला चहा पाजला आणि स्टुलाचा विषय काढला नाही. त्याने मला अधिक लाज वाटली. पुढे दीड-दोन महिने मी वाचनालयाच्या वाटेनेही गेलो नाही.

तुटलेली पट्टी मात्र घरी आणली होती. ती दांडीच्या भोकापाशी तुटली होती आणि तुटीची रेघ तिरकी, लाकडाच्या रेषांबरोबर सरळ गेली होती. त्या जागी पट्टी आडवी वळते आणि फळीच्या रेषा मात्र आपल्या पहिल्या वाटेनेच जातात. म्हणजे तेथे रेषा पट्टीला छेदून बाहेर पडतात. मेस्त्रींनी चिमटीत तोडून दाखविलेली ती आडवी ढलपीच मी अण्णांच्या खाली ठेवली होती. पस्तीस वर्षांनी मला धडा समजला आणि त्याची फी दुसऱ्याच्या मनगटाने भरली.

म्हणून, ज्यांना घरी असे काही करावयाचे असेल त्यांना सांगतो: बाक कापू नये, वाकवावा. रेषा बाकाबरोबर गेल्या पाहिजेत.

पण लाकूड वाकवावयाचे कसे? मुंबई-पुण्याच्या इराण्याच्या हॉटेलांत गोल पाठीची, वाकविलेल्या लाकडाची खुर्ची आपण पाहिली असेल. तिचा मूळ पुरुष मिखाएल थोनेट, जर्मनीत ऱ्हाइनकाठी बोपार्ड येथे 1796 साली जन्मला आणि 1842 मध्ये व्हिएन्नाला गेला. त्याची चौदा नंबरची खुर्ची 1859 सालची. सहा लाकडी भाग, दहा स्क्रू, दोन नट, एवढाच तिचा संसार. आणि सुट्या भागांच्या छत्तीस खुर्च्या एक घनमीटरच्या पेटीत मावत. ती आजही बनते. या माणसाने आधी पातळ पट्ट्या सरसात बुडवून, एकावर एक ठेवून वाकविल्या होत्या. पण दमट हवेच्या मुलुखात गेलेल्या मालाचा सरस सुटू लागला, आणि तो अखंड लाकूड वाफवून वाकवू लागला. त्यात अडचण अशी की वाफवलेले लाकूड दबते पुष्कळ, पण ताणले फारच थोडे जाते, शेकडा एक-दोन इतकेच. म्हणून बाहेरच्या बाजूला पोलादाची पट्टी घट्ट बांधून वाकवावयाचे. ताण पोलादाने सोसावा आणि लाकडाने फक्त दबावे. युक्ती मोठी खरी. पण त्यासाठी वाफेची पेटी, पोलादी पट्टे आणि बीचसारखे वळणारे लाकूड हवे. आमच्या शाळेच्या कर्मशाळेत यांपैकी काही नाही.

म्हणून आम्ही थोनेटने सोडलेल्या वाटेने मागे गेलो. त्याच्या काळचा सरस पाण्याने सुटे. आजचा रासायनिक, पाण्याला न जुमानणारा गोंद सुटत नाही. फिनलंडच्या आल्व्हार आल्टोने 1933 मध्ये तिपाई स्टूल केले, तेही बर्चच्या पायाला टोकाकडून करवतीच्या चिरा देऊन, त्यांत पातळ पापुद्रे गोंदाने बसवून, मग तो वाकवून. तेव्हा वाट जुनी असली तरी बंद नव्हती.

येथे मला मास्तरकी करू द्यावी. पट्टी वाकवावयास लागणारा जोर तिच्या जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो. जाडी निम्मी केली की जोर निम्मा नाही, आठव्या हिश्श्याचा लागतो. आम्हांला चोवीस मिलिमीटर जाडीची पट्टी हवी. ती अखंड घेऊन आमच्या त्रिज्येला वाकवावी तर बाहेरची कड शेकडा पाचांहून अधिक ताणावी लागेल, ती फुटणारच. तिचे तीन-तीन मिलिमीटरचे आठ पापुद्रे केले तर प्रत्येकाची कड शेकडा एकापेक्षाही कमी ताणते. आणि आठही एकदम वाकवावयास अखंड पट्टीच्या चौसष्टाव्या हिश्श्याचा जोर पुरतो, कारण गोंद ओला असताना ते एकमेकांवरून घसरतात. गोंद वाळला की घसरणे बंद आणि पुन्हा ती अखंड चोवीस मिलिमीटरची पट्टी! नववीच्या वर्गात मी घन शिकवितो तेव्हा आता पुस्तकातले उदाहरण देत नाही. आठ पापुद्रे हातात देतो.

लाकूड सिल्व्हर ओकचे घेतले. कॉफीच्या मळ्यांत सावलीसाठी लावतात ते झाड. सागाच्या अंगात तेल असते, त्याला गोंद धरवताना फार काळजी घ्यावी लागते. शिवाय त्याची किंमत. फर्मा जुन्याच खुर्च्यांच्या प्लायवुडचा केला. त्यावर आठ पापुद्रे गोंद लावून ठेवावयाचे, शिकंज्यांनी आवळावयाचे आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावावयाचा नाही. सुटल्यावर पट्टी किंचित उलगडते. फर्म्याचा बाक तेवढा अधिक ठेवला की झाले. रोज दोन फर्मे, दोन पट्ट्या. घाई करता येत नाही ही गोष्ट मुलांना जाचक झाली आणि मला बरी वाटली.

याच सुमारास एके दिवशी अण्णा कर्मशाळेत आले. हात बरा झाला होता. ओल्या गोंदाचा वास घेऊन म्हणाले, "मास्तर, स्टूल मोडले म्हणून तुम्ही वाचनालय सोडलेत. मग मी पडलो म्हणून मी काय सोडावे?" मी काही बोलू शकलो नाही. ते पेटीवर बसले आणि शिकंजे कोणत्या क्रमाने आवळावेत याविषयी मुलांशी वाद घालू लागले. त्या वादात ते बरोबर होते: मधून टोकांकडे आवळीत जावे, नाही तर मध्ये गोंदाची पोकळी राहते.

आता एकमेकींत अडकण्याविषयी. पट्ट्या मधे दांडीवर ओवलेल्या असतात हे सांगितले. माणूस बसला की वरची दोन्ही टोके बाहेर पळू पाहतात आणि खालची दोन्हीही. त्यांना धरून ठेवावयाचे ते आडपट्ट्यांनी. प्रत्येक पट्टीच्या टोकाला निम्मी खाच, आडपट्टीत निम्मी खाच, काटकोनात एकीत एक बसली की दोघी समतल. बैठकीच्या सरळ पट्ट्या त्यांवर आडव्या पडतात आणि टोकांच्या खाचांनी दोन्ही आडपट्ट्यांना पळू देत नाहीत. खाली पायांशीही तसेच. आमच्या एका हौशी मुलाने काटकोन सोडून साठ अंशांत पट्ट्या छेदून षट्कोनी स्टूल करावयाचे ठरविले. बारा मिलिमीटर जाडीला काटकोनात बारा मिलिमीटरची खाच पुरते. साठ अंशांत ती जवळजवळ एकवीस करावी लागते, आणि मग पट्टी तीत डुलते. त्याने ते स्वतः करून पाहिले, स्वतः मोजले, आणि त्रिकोणमितीत त्या वर्षी त्याला चांगले गुण पडले. षट्कोनी स्टूल मात्र झाले नाही.

खाचेचे खरे शत्रुत्व आपल्या पावसाशी. एप्रिलमध्ये आम्ही खाचा इतक्या नेमक्या बसविल्या की हातोडीच्या हलक्या टोल्याने जाव्यात. जुलैत एक पट्टी बदलावयाची म्हणून सोडवू लागलो तर लाकडी हातोडा मोडायची वेळ आली. लाकूड लांबीत जवळजवळ फुगत नाही, पण आडव्या अंगाने फुगते. आणि वर्षवलयांच्या बाजूने, ती छेदून जाणाऱ्या बाजूच्या मानाने, सुमारे दुप्पट. बदलता येणारे आसन करावयाचे आणि पावसाळ्याचे चार महिने ते बदलता येऊ नये, याला काय अर्थ? तेव्हापासून खाचेत दोन्ही बाजूंना एकेका पोस्टकार्डाच्या जाडीची फट सोडतो. पोस्टकार्ड सरकले की खाच बरोबर. उन्हाळ्यात आसन किंचित कुरकुरते. कुरकुरू द्यावे.

घडीचा मोह आम्ही सोडला. पहिल्या स्टुलांची रेहलासारखी घडी होई आणि त्याचेच सर्वांत कौतुक होते. पण बालवाडीतल्या एका मुलाचे बोट पट्ट्यांत चिमटले. बोट वाचले, घडी गेली. आता दांडीचे नट आवळलेले असतात आणि बैठक खाचांत अडकलेली असते. पाना हातात असल्याशिवाय काही हलत नाही.

खर्चाविषयी विश्वस्तांना जे सांगितले तेच येथे सांगतो. प्लास्टिकची खुर्ची पहिल्या दिवशी आमच्या स्टुलापेक्षा स्वस्त आहे. यात लपविण्यासारखे काही नाही. मुलांची मेहनत हिशेबात धरली तर पुष्कळच स्वस्त. शिवाय आमच्या आसनाला पाठ नाही, आणि ज्येष्ठ वाचकांना पाठ हवी ही तक्रार रास्त आहे. पाठीसाठी वरची पाव-वर्तुळे लांबवून पाहिली. ती सुरेख दिसली आणि मागे रेलताच आसन उलटू लागले. ते काम अजून चालू आहे.

आज वाचनालयात चौदा स्टुले आणि तिघांचे दोन बाक आहेत. गेल्या पावसाळ्यापासून तीन पट्ट्या तडकल्या. तिन्ही मुलांनी बदलल्या. एक तर अण्णांच्या देखरेखीखाली, त्यांच्याच स्टुलाची. कपाटाच्या खालच्या कप्प्यात बारा जादा पट्ट्या, पाना आणि एक पोस्टकार्ड ठेवले आहे. माळ्यावरच्या खुर्च्यांपैकी ज्यांचे प्लायवुड धड होते त्यांचे फर्मे झाले. बाकीच्या अजून तेथेच आहेत. कोणास त्यांतले काही उपयोगी पडत असेल तर चिटणीसांना विचारून न्यावे.

एक पट्टी मी सोबत आणली आहे. आणि ही दुसरी, अण्णांच्या खाली तुटलेली. दोन्ही पहिल्या रांगेतून मागे हातोहात जाऊ द्या. तुटलेलीला कूस फार आहे, लहान मुलांच्या हाती देताना जपावे.